लेखी द्या म्हण

अगं पोरी,

काल फोनवर तू रडलीस ते मला आवडलं नाही. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागलाय तुझा. आणि कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून "आधी सगळी फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ" म्हणाला, तर घरात लगेच दोन गुंठे विकायची भाषा? त्याला एवढंच विचारायचं होतंस: हे लेखी देता का?

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मामा म्हणतो तसा मॅनेजमेंट कोटा घेतला असतास तर हे गेलंच असतं. विकास शुल्क, होस्टेल, मेस मात्र तुमच्याच गळ्यात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आधारला जोडलेलं खातं हे तयार ठेव आणि महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवरचा अर्ज दरवर्षी भर. फॉर्म परत आला तर का आला, तेही लेखी.

होस्टेलसाठी कर्ज काढ. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नाही, पदरचा हिस्साही भरावा लागत नाही. तरी बँकेचा मॅनेजर सातबारा विचारील. मला माहीत आहे, कारण बँकेत असताना मीच विचारलाय.

२००४ साली एक मुलगा आला होता, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. मी म्हटलं, "शेत कुणाच्या नावावर?" तो म्हणाला, शेत नाही. मी मान हलवली, तो गेला. अर्ज मी हातातच घेतला नाही. घेतला असता तर नाकारायला वरच्या साहेबांची संमती लागली असती, नकाराचं कारण लिहावं लागलं असतं, आणि लिहिण्यासारखं कारण माझ्याकडे नव्हतं. थकबाकीवरून दर महिन्याला आमची हजेरी घेतली जायची, माझीही पोरं शिकत होती, एकट्या माणसानं किती अंगावर घ्यायचं? असो. त्यानं "लेखी द्या" म्हटलं असतं तर मी कर्ज दिलं असतं. झक मारत दिलं असतं.

तोंडी नकार फुकट असतो गं. म्हणून कुणाचाच ऐकून घ्यायचा नाही.

सोमवारी कॉलेजात जा. बाबांना नेऊ नकोस, ते खिडकीशी हात जोडतात. अर्जाच्या दोन प्रती काढ, एकीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घे. शिक्का देत नाही म्हणाला तर तिथूनच मला फोन लाव. आणि गुंठ्यांचं गिऱ्हाईक दारात आलंच असेल, तर त्याला चहा पाजा आणि महिनाभर थांबवा.

तुझा,
काका