उत्पन्न वाढते तेव्हा रस्त्यावरचे उत्सर्जन घटते का?

प्रश्न : अर्थव्यवस्था वाढली की वाहने, इंधनाचा खप आणि कार्बन उत्सर्जन हे सारे वाढणारच, असे आजवर ऐकत आलो. आता मात्र काही देशांत आर्थिक वाढ आणि उत्सर्जन यांची फारकत झाल्याचे वाचनात येते. यात तथ्य किती?

उत्तर : फारकत होऊ शकते, पण ती सौम्य आहे की पक्की, हे विचारल्याखेरीज अशा बातमीवर समाधान मानू नये. फिनलंडचे अभ्यासक पेट्री टापियो यांनी 2005 साली मांडलेल्या पद्धतीत उत्सर्जनवाढीच्या टक्केवारीला उत्पन्नवाढीच्या टक्केवारीने भागतात. समजा, उत्पन्न वर्षाला 6 टक्के आणि उत्सर्जन 4 टक्के वाढले, तर भागाकार सुमारे 0.67 येतो आणि तो सौम्य फारकतीत, म्हणजे उत्सर्जन वाढते पण उत्पन्नापेक्षा कमी वेगाने, अशा प्रकारात मोडतो. कागदावर ही प्रगतीच; पण याच गतीने 18 वर्षांत उत्सर्जन दुप्पट होते, आणि हवामानाचा संबंध एकूण टनांशी असतो. उत्पन्न वाढत असताना उत्सर्जन प्रत्यक्षात घटले, तरच फारकत पक्की म्हणावी.

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण इंधनातील कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो. काजळी गाळणीत अडते, हा वायू अडत नाही. म्हणून जळणारे लिटर कमी करणे किंवा इंधनच बदलणे, एवढेच मार्ग उरतात. नुसते मायलेज सुधारून भागत नाही, कारण प्रवास स्वस्त झाला की तो वाढतो आणि बचतीचा काही भाग त्यातच जातो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी 1865 मध्ये कोळशाबाबत हेच दाखवले होते. त्यामुळे कार्यक्षमतेच्या नियमांना इंधनावरील कराची जोड आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या, तरी जुन्या गाड्या अनेक वर्षे धावत राहत असल्याने उत्सर्जन त्या वेगाने उतरत नाही. अवजड मालवाहतुकीचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण लांब पल्ल्याच्या ट्रकला जड बॅटरी लागते आणि तिचे वजन मालाच्या वजनातून वजा होऊ शकते. तेथे परतीचा माल मिळवून रिकाम्या फेऱ्या टाळणे आणि शक्य तेवढा माल रेल्वेकडे वळवणे, हे उपाय आजही हाताशी आहेत.