गोव्यातील सहावी ते आठवीच्या मुलांना अणुविज्ञान शिकवण्यासाठी शाळा आणि संग्रहालय मिळून काय करू शकतात?

सुरुवात क्लाउड चेंबरपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. क्लाउड चेंबर म्हणजे कणांच्या वाटा दाखवणारी काचेची बंद पेटी; तिच्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ असते आणि तळाशी सुमारे उणे 78 अंश सेल्सियसचा ड्राय आइस, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, ठेवलेला असतो. त्यातून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर धुक्याची रेघ उमटते. अल्फा कणाची, म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्राची, रेघ आखूड व जाड, तर इलेक्ट्रॉनची बारीक आणि वेडीवाकडी असते. पेटीत कोणताही किरणोत्सारी पदार्थ न ठेवताही रेघा दिसतात, कारण अवकाशातून येणारे वैश्विक किरण आणि हवेतील रेडॉन हा किरणोत्सारी वायू सर्वत्र असतात. किरणोत्सार केवळ अणुभट्टीत नसून निसर्गातही आहे, हे मुलांना तेथे डोळ्यांनी दिसते. ड्राय आइस हाताळण्यासाठी हातमोजे, हवेशीर जागा आणि जाणता माणूस लागतो, म्हणून हा प्रयोग मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रासारख्या संस्थेच्या मदतीने करणे योग्य ठरेल.

अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, मात्र वर्गातच शिकवावे. शंभर नाणी उधळून प्रत्येक वेळी छापा पडलेली बाजूला काढली, की साधारण 50, मग 25 उरतात. त्यानंतर सजीवांच्या अवशेषांचे वय काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचे 5730 वर्षांचे अर्धायुष्य सांगून, गोव्यातील उसगाळीमळच्या जांभ्यावरील प्राचीन कोरीव चित्रांचे वय या पद्धतीने थेट का काढता येत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे.

कारवारजवळच्या कैगा अणुऊर्जा प्रकल्पाविषयी मुले हमखास विचारतील. तेव्हा वीजनिर्मितीइतकेच किरणोत्सारी कचऱ्याविषयीही मोकळेपणाने बोलावे.