नखांच्या जेल पॉलिशच्या कामात कातडी कशी सांभाळायची

कच्चं, म्हणजे लॅम्पखाली अजून कडक न झालेलं जेल कातडीला लागू द्यायचं नाही, तुझ्या नाही आणि ग्राहकाच्याही नाही. ॲलर्जी होते ती ॲक्रिलेट गटातल्या रसायनांची, त्यात हेमा (HEMA) हे रसायन सर्वांत कुप्रसिद्ध. पूर्ण कडक झालेलं जेल सहसा त्रास देत नाही, अर्धवट कडक झालेलं देतं. म्हणून लॅम्प, म्हणजे जेल कडक करणारा दिवा, जेलच्या कंपनीने सांगितलेलाच घे. थर पातळ दे आणि सांगितलेली सेकंदं पूर्ण भर. जाड थर वरून कडक दिसतो, आत कच्चा राहतो. मग फाइल करताना तीच धूळ मनगटावर आणि चेहऱ्यावर बसते.

क्युटिकलपासून, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या पातळ कातडीपासून, केसभर जागा सोड. जेल कातडीवर गेलंच, तर बोट लॅम्पखाली घालण्याआधी पुसून काढ. वरचा चिकट थर काढताना एकाच पॅडने दहाही नखं पुसू नकोस, कारण निघालेलं कच्चं जेल पुढच्या बोटावर पसरतं.

हातमोजे नायट्रिलचे, लॅटेक्सचे नकोत. पण नायट्रिलमधूनही ॲक्रिलेट काही मिनिटांत झिरपतं, तेव्हा मोज्याला जेल लागलं की लगेच बदल. बाटलीची मान आणि ब्रशचा दांडाही पूस. इथेच बहुतेकजणी चुकतात.

बोटांची टोकं फुटली, खाज आली, पापण्या सुजल्या, तर काम थांबव आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (कातडीवर रसायन लावून ॲलर्जी तपासणारी चाचणी) करून घे. ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या फिलिंगमध्येही याच गटातली रसायनं असतात, म्हणून डेंटिस्टला जरूर सांग. ‘हेमा-फ्री’ बाटलीवर विसंबू नकोस, त्यात दुसरी ॲक्रिलेट असतातच.