वाघ दिसला नाही, मग जंगल राखायचं कशासाठी?

प्रश्न : मे महिन्यात फॅमिलीला घेऊन ताडोब्याला गेलो होतो. दोन सफाऱ्या केल्या, रिसॉर्ट, गाडी धरून खर्च बक्कळ झाला आणि वाघ काही दिसला नाही, नुसती चितळं आणि मोर बघून परत. मुलगी पार हिरमुसली. खरंच विचारतो, वाघ दिसणारच नसेल तर एवढं मोठं जंगल बंद करून ठेवायचा फायदा काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लेकीचा हिरमोड झाला याचं वाईट वाटलं, लांबून जाऊन असं झालं की लागतंच मनाला. पण तुम्ही "नुसती चितळं" म्हणालात ना, तिथूनच सुरुवात करू. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास चितळांएवढी शिकार लागते, म्हणजे आठवड्याला एक जनावर धरा. आता कळप न संपता दर वर्षी पन्नास मिळायची तर त्या एका वाघाच्या भागात पाचशेच्या आसपास जनावरं चरत असायला हवीत, आणि पाचशे जनावरं म्हणजे तेवढं गवत, उन्हाळ्यात न आटणारे पाणवठे, लपायला बांबू, पिल्लं घालायला निवांत जागा. हे सगळं जागेवर असेल तरच वाघ राहतो. तेव्हा तुम्ही चितळांचा कळप बघितला म्हणजे वाघाचं घर चालू आहे की नाही ते बघितलं, आणि ते चालू आहे.

ताडोब्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ मध्ये मिळाला, तेव्हा ते जेमतेम ११६ चौरस किलोमीटरचं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा आला तो १९७२ मध्ये, म्हणजे त्याच्याही सतरा वर्षं आधी कुणीतरी ही जागा राखायचं ठरवलं. पुढे १९८६ ला अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आज गाभा, म्हणजे आतला पूर्ण राखीव भाग, सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आणि भोवती अकराशेचा बफर, म्हणजे जंगल आणि गावं मिळून असलेला बाहेरचा पट्टा आहे. एवढं कशाला असं वाटतं खरं, पण वाघाचं पिल्लू मोठं झालं की त्याला आईचा भाग सोडून स्वतःची हद्द शोधत निघावंच लागतं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ असाच निघाला आणि शेतं, रस्ते, नाले ओलांडत २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे कळलं की पठ्ठ्या सगळा मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर चालला होता. नुसतं एक जंगल राखून भागत नाही ते यासाठी, एका जंगलातून दुसऱ्यात जायची वाटही उघडी राहावी लागते.

आणि पाण्याचं आपण कायम विसरतो. मेळघाट १९७३ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, नाव वाघाचं, पण त्या डोंगरांतून सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या वाहतात आणि पाणी तापीला जातं. पाऊस पालापाचोळ्यात मुरतो आणि मग महिनोन्महिने हळूहळू झिरपत राहतो, हे काम करायला दुसरी कुठलीही सोय आपल्याकडे नाही.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सफारीत तुम्ही जामणीच्या किंवा नवेगावच्या बाजूला गेला असाल तर मोठं मोकळं गवताळ कुरण बघितलं असेल, गवे चरत असतात तिथे. ती जागा गाव होती. लोकांची घरं होती, शेतं होती, ते उठून बाहेर गेले आणि शेतांच्या जागी गवत आलं. आणि बफरमधली गावं तर अजून तिथेच आहेत. एप्रिल-मे मध्ये मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बाया-माणसं पहाटेच जंगलात जातात, वाकून काम करत असतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात दर वर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. आपण तिकीट काढतो, किंमत ते मोजतात. त्यामुळे नुकसानभरपाई वेळेवर मिळणं, गावातल्या पोरांना गाइड म्हणून, जिप्सीवर काम मिळणं हे उपकार नाहीत, त्यांचा हक्कच आहे तो. पुढच्या वेळी जाल तेव्हा गावातल्या होमस्टेला राहा, आणि गाइडला वाघ कुठे असं न विचारता झाडावरचे ओरखडे दाखवायला सांगा, लेकीला तिथे हात वर करून उभं करा, तिचा हात किती खाली राहतो ते बघू दे.

प्रश्न : आमच्याकडे माळरानावर अभयारण्याची पाटी आहे. वाळलं गवत आणि दगड, झाड औषधालाही नाही. आमच्या ग्रुपने पाचशे रोपं लावायचं ठरवलं तर तिथल्या माणसाने नको म्हटलं. झाडं लावायला कसली बंदी? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण त्या माणसाने बरोबर केलं. माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे, ते पण जंगलाइतकंच पूर्ण घर आहे, फक्त बिनझाडांचं. धाविक, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि लांबून शत्रू दिसावा म्हणून त्यांना मोकळी जागाच लागते, झाडं आली की कावळ्यांना, शिकारी पक्ष्यांना टेहळणीचा बुरुज मिळतो आणि अंडी-पिल्लं गेली म्हणून समजा. चिंकारा आणि लांडगा पण उघड्या माळावरचेच. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, मी नोव्हेंबरात गेलो होतो, गुडघाभर पिवळं गवत, मोज्यांत इतकी कुसळं घुसली की अर्धा तास काढत बसलो, आणि मान वर केली तर पन्नास पावलांवर चिंकारा उभा. गवताच्याच रंगाचा. तो हलला नसता तर दिसलाही नसता.

सोलापूरकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं. माळढोक हा माळावरचा मोठा पक्षी, वर्षाला बहुतेक एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे बातमी होते, इतके कमी झालेत. माळाला आपण पडीक म्हणत राहिलो, त्यावर नांगर फिरवला, वीजतारा ओढल्या, त्याचं हे झालं. तुमची पाचशे रोपं गावातल्या शाळेभोवती, ओढ्याच्या काठाला, रस्त्याकडेला लावा, वड-पिंपळ-करंज लावा, पण माळ सोडा.

प्रश्न : राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यात फरक काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : थोडक्यात सांगायचं तर बंधनं किती कडक आहेत याचा फरक. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत आणि लोकांचे आधीचे हक्क मिटवल्यावरच ते जाहीर होतं, अभयारण्यात परवानगीने चराई किंवा काही हक्क चालू राहू शकतात. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी.

प्रश्न : मुंबईत राहतो, मुलं सात आणि दहा वर्षांची. हे सगळं त्यांना दाखवायला लांब जायला जमत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या दाराशीच आहे की! बोरिवलीचं उद्यान १०४ चौरस किलोमीटरचं आहे, बिबटे आहेत, आणि विहार व तुळशी हे दोन तलाव त्याच्याच हद्दीत, विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, अजूनही मुंबईला त्यांचं पाणी येतं. पावसाळ्यात मुलांना उद्यानातल्याच कान्हेरी लेण्यांकडे न्या. लेण्यांबाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि एकातून दुसऱ्यात पाणी नेणाऱ्या पन्हळी, तिथे राहणाऱ्या भिक्खूंनी डोंगरावरचा पाऊस कसा साठवला ते मुलांना बोटाने दाखवता येईल. सकाळी लवकर निघा, सोमवारी बंद असतं.