कॅप हलतेय म्हणजे इम्प्लांट गेलं असं नाही, आधी स्टिकर शोधा

खालची दाढ, दोन वर्षांचं इम्प्लांट, कॅप हलतेय आणि क्लिनिकवाले म्हणताहेत सगळं काढून नवीन बसवू. ताई, तुमचं वाचून मला माझेच दिवस आठवले.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण बऱ्याचदा कॅप धरून ठेवणारा आतला बारीक स्क्रू सैल झालेला असतो, हाडातला टायटॅनियमचा भाग पक्काच असतो. एक्सरे न काढता कोणी "काढून टाकू" म्हणालं तर सरळ उठून या. हिरडीतून पू येत असेल किंवा सगळंच हलत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

मी काय केलं, दुखत नाही ना म्हणून दीड महिना तसाच त्या बाजूने चावत राहिलो. दुखणार कसं, त्यात नसच नाही! शेवटी चिवड्यातलं खोबरं चावताना कट्ट झालं, स्क्रू आतच तुटला.

खरा ताप त्यापुढे. गंगापूर रोडच्या नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कंपनी कुठली, साइज काय? प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, पाना वेगळा. माझ्याकडे कागदच नाही. जिथे बसवलं तिथे पाच चकरा मारल्या, फाइल जुनी आहे, कॉम्प्युटर बदललाय, सर आत आहेत, आणि पाचव्यांदा काय तर "नवीनच करा, डिस्काउंट देऊ". अरे, इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, साइज, लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो फाइलला चिकटवायला कितीसा वेळ लागतो? अजून आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी डॉक्टरांनी एक्सरेतल्या आट्यांच्या आकारावरून कंपनी ओळखली, भिंगाखाली मशीनच्या बारीक टोकाने तुकडा उलटा फिरवत फिरवत काढला, दोन सिटिंग गेल्या. आतल्या आट्या शाबूत होत्या म्हणून वाचलं. नवा स्क्रू टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच आवळून घ्या, हाताच्या अंदाजाने नको, साधारण ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर, पण कंपनीप्रमाणे बदलतं. कॅप माझी जुनीच बसली. रात्री दात खात असाल तर नाइट गार्डही (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) करून घ्या, मी टाळत होतो.

आणि हो, त्या क्लिनिकला रेकॉर्ड मागताना दुसरीकडे दाखवतोय असं बोलू नका, मी तिथेच फसलो. पुण्याला बदली झालीय, सांगा.