उद्योगीपणाची सुरुवात काम हाती घेण्यापूर्वीच होते

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. दिवसभर राबूनही महत्त्वाची कामे मागे पडतात, तेव्हा पवित्र शास्त्रातील उद्योगीपणा व्यवहारात कसा आणावा, ही पहिली. आणि पुढच्या कामांची बारकाईने आखणी करणे म्हणजे देवावरील विश्वास कमी असणे तर नव्हे ना, ही दुसरी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना नीतिसूत्रे २१:५ हे वचन मला सर्वांत मोलाचे वाटते: उद्योगी माणसाच्या योजनांनी समृद्धी येते, उतावळा मात्र दारिद्र्याकडेच जातो. आळशी माणसाला झोडपणारी वचने त्या पुस्तकात पुष्कळ आहेत. येथे मात्र उद्योगी माणसासमोर आळशी नव्हे, तर उतावळा माणूस उभा केला आहे, आणि उद्योगी माणसाच्या हातांचा नव्हे, तर त्याच्या योजनांचा उल्लेख आहे. सकाळी उठल्याबरोबर समोर येईल त्या कामाला भिडणारा माणूस कष्टाळू असला, तरी या वचनाच्या कसोटीवर तो उतावळ्यांतच मोडू शकतो, हे आपण शांतपणे तपासून पाहावे. नीतिसूत्रे २४:२७ तर क्रमही सांगते: आधी शेतातील काम तयार करावे, घर त्यानंतर बांधावे. ज्या कामावर इतर कामे अवलंबून आहेत, ते आपल्याला कितीही कंटाळवाणे वाटले तरी पहिले, असा त्याचा रोजच्या जीवनातील अर्थ मी घेतो.

या विषयावर पवित्र शास्त्रातील नहेम्याच्या पुस्तकाची पहिली सहा प्रकरणे सलग वाचावीत, असे मी आग्रहाने सांगेन. नहेम्या हा पारसाच्या राजाच्या सेवेतील एक यहूदी होता. त्याच्या पुढाकाराने यरुशलेमेचा पडलेला तट बावन्न दिवसांत पुरा झाला हे आपण जाणतोच. परंतु यहूदी पंचांगातील किसलेव महिन्यात तट पडल्याची बातमी ऐकल्यापासून नीसान महिन्यात राजासमोर बोलेपर्यंत नहेम्याने जवळजवळ चार महिने उपास व प्रार्थनेत काढले, आणि राजाने विचारताच त्याच्यापाशी मुदत, अधिकाऱ्यांसाठी पत्रे आणि लाकडाची मागणी, असे सर्व काही तयार होते. यरुशलेमेत पोहोचल्यावरही तीन दिवसांनी, रात्रीच्या वेळी, कोणाला न सांगता त्याने पडझडीची स्वतः पाहणी केली आणि मगच लोकांना कामाला बोलावले. पुढे अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधल्याची नोंद आहे. काम वाटून देण्याची ही रीत आजही तितकीच उपयोगी आहे. शत्रूंनी भेटीला चार वेळा बोलावले असता, मोठे काम हाती असल्याने ते सोडून येता येत नाही, असे एकच उत्तर त्याने चारही वेळा दिले. आपली कामे मागे राहण्यात असल्या बोलावण्यांचा वाटा किती आहे, हेही एकदा पाहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते, कारण राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी नहेम्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि लगेच मुदतही ठरवून दिली. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात वर्षभराच्या व्यापाराचे बेत करणाऱ्यांना जो दोष दिला आहे, तो उद्या आपल्याच हातात आहे असे गृहीत धरल्याबद्दल आहे. प्रभूची इच्छा असेल तर हे करू, असे म्हणायला तेथे शिकवले आहे, म्हणजे बेत करण्याची मुभा आहेच. मात्र आखणीतच अडकून पडणाऱ्यांसाठी उपदेशक ११:४ आहे: वाऱ्याकडे पाहत राहणाऱ्याच्या हातून पेरणी होत नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी प्रार्थनापूर्वक दुसऱ्या दिवसाची मोजकी कामे क्रमाने लिहून ठेवावीत, आणि आठवड्यातून एकदा, नीतिसूत्रे २७:२३ मध्ये कळपांची स्थिती जाणून घ्यायला सांगितली आहे तशी, आपल्या सर्व जबाबदाऱ्यांची खरी स्थिती पाहावी. कोणी पाहत नसतानाही काम तसेच नीट व्हावे, ही कलस्सैकरांस पत्रातील (३:२२-२३) अपेक्षा सर्वांत कठीण आहे. तिच्यासाठी कोणतीही यादी पुरत नाही, रोजची प्रार्थनाच लागते. जे काम उरेल ते दुसऱ्या दिवसाच्या यादीत लिहून झोपी जावे. उशिरापर्यंत जागून कष्टाची भाकर खाणे व्यर्थ आहे, असे १२७ वे स्तोत्र सांगते.