ॲपमधले शून्य आणि फोनमधली परवानगी

प्रश्न : पायाच्या शस्त्रक्रियेमुळे मी पाच महिने घरातच होतो. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सकाळी अर्धा तास चालतो. पण पूर्वी व्यवस्थित पावले मोजणारे फोनमधले ॲप दिवसभर शून्यच दाखवते. ॲप काढून पुन्हा टाकणार होतो, परंतु जुन्या नोंदी जातील या भीतीने थांबलो. फोन अँड्रॉइडचा आहे. बिघाड फोनमध्ये आहे की ॲपमध्ये?

उत्तर : थांबलात हे बरे केलेत, कारण बिघाड बहुधा दोन्हींत नाही. आपल्या पत्रातला ‘पाच महिने’ हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११पासून फोनमध्ये अशी सोय आहे की, एखादे ॲप काही महिने उघडलेच गेले नाही तर त्याला पूर्वी दिलेल्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. हौसेने घेतलेली आणि नंतर विसरलेली ॲप्स आपल्या नकळत माहिती गोळा करत राहू नयेत, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण विसरलेले ॲप कोणते आणि आजारपणामुळे बंद राहिलेले कोणते, हे फोनला कळत नाही. पुन्हा उघडल्यावर ॲप जागे होते, परवानगी मात्र आपोआप परत येत नाही.

पावले टिपण्याचे मूळ काम सहसा ॲपचे नसते. फोनमधला हालचाल ओळखणारा सेन्सर ते करतो आणि ॲप त्याच्याकडून आकडा मागून घेते. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून हा आकडा मागण्यासाठी ‘फिजिकल ॲक्टिव्हिटी’ नावाची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर ॲपकडे काहीच पोहोचत नाही. काळजीपूर्वक बनवलेले ॲप अशा वेळी तसे स्पष्ट सांगते; निष्काळजीपणे बनवलेले ॲप मोठ्या अक्षरांत शून्य दाखवून मोकळे होते. आपण चालला नाहीत, असा त्या शून्याचा अर्थ नाही. ‘मला कोणी काही कळवले नाही’ एवढेच ते सांगते.

सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत त्या ॲपचे नाव उघडा, ‘परमिशन्स’मध्ये जा आणि फिजिकल ॲक्टिव्हिटीला परवानगी द्या. न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढून घेण्याचे बटण तिथेच किंवा एक पान मागे असते (आवृत्तीनुसार त्याचे नाव बदलते). ते फक्त या ॲपपुरते बंद करा. ॲप स्वतःहून परवानगी का मागत नाही, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. अँड्रॉइड ११पासून, आपण एकच परवानगी दोन वेळा नाकारलीत तर त्या ॲपला ती चौकट पुन्हा दाखवता येत नाही. घाईघाईत ‘नको’ दाबण्याची सवय आपल्या सर्वांनाच असते, त्यामुळे तेही घडले असण्याची शक्यता आहे.

यानंतर फोन खिशात ठेवा, मनातल्या मनात मोजत शंभर पावले चाला आणि आकडा पाहा. दहा-पाच पावलांचा फरक मनावर घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतरची चाल संथ आणि पाय ओढत टाकलेली असेल तर सेन्सरकडून काही पावले निसटतात, आणि त्यावर सेटिंग्जमध्ये काही उपाय नाही. मधल्या दिवसांची पावले त्या ॲपमध्ये बहुधा परत मिळणार नाहीत; जुन्या नोंदींना मात्र धक्का लागू नये.

प्रश्न : हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा मी वापरते. जुन्या अँड्रॉइड फोनवर लोकेशन नाकारले की ॲपला पट्टा सापडतच नसे. ठोके मोजायला माझा ठावठिकाणा कशाला हवा, या संशयाने नव्या फोनवर मी फक्त ‘अंदाजे’ लोकेशन दिले आहे. आता पट्टा सापडतो, पण चालण्याचा मार्ग नकाशावर थेट तळ्यातून जाताना दिसतो!

उत्तर : संशय रास्त होता, पण त्यात ॲपची लबाडी नव्हती. काही इमारतींमध्ये छोटी ब्लूटूथ उपकरणे कायमची बसवलेली असतात आणि ती सतत आपली ओळख प्रक्षेपित करत असतात. त्यांपैकी कोणते जवळपास आहे हे ज्या ॲपला कळते, त्याला आपण कुठे आहात हेही कळू शकते. म्हणून अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लूटूथ उपकरण शोधणे म्हणजे लोकेशन मागणेच, असे धरले जाई. २०२१च्या अँड्रॉइड १२मध्ये ‘निअरबाय डिव्हायसेस’ ही स्वतंत्र परवानगी आली. नव्या फोनवर पट्टा सापडतो तो तिच्यामुळे.

तळ्याचे कारण वेगळे आहे. अँड्रॉइडवर अंदाजे लोकेशन म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या परिसरात आपण कुठेतरी आहात, इतकीच माहिती. आपला अख्खा फेरफटका त्या परिसरात मावू शकतो. मग ॲपकडे दोन-चार ढोबळ ठिपके येतात आणि ते त्यांना सरळ रेषेने जोडते; मध्ये तळे आहे की भिंत, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. अंतर, वेग आणि त्यांवरून काढलेल्या कॅलरी यांचे आकडेही मग त्याच मापाचे निघतात. (आयफोनवर २०२०च्या आयओएस १४पासून ‘प्रिसाइज लोकेशन’ हे बटण हेच काम करते.)

मार्गाची नोंद हवी असेल तर अचूक लोकेशन द्या, पण ‘ॲप वापरत असतानाच’ एवढ्यापुरते. ॲप उघडून नोंद सुरू केली की नंतर स्क्रीन बंद झाली तरी ती चालू राहते, त्यामुळे ‘नेहमी’ हा पर्याय द्यायची गरज सहसा पडत नाही. फक्त ठोके हवे असतील तर लोकेशन पूर्ण नाकारा. आपली सावधगिरी अनाठायी नाही, हेही सांगायला हवे. स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्या-चालण्याचा जागतिक नकाशा नावे न देता प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८मध्ये लोकांच्या लक्षात आले की, त्यात लष्करी तळांच्या आतले रस्तेही उजळून दिसत आहेत. तेव्हा मार्ग इतरांना दिसू न देण्याची किंवा घराजवळचा भाग झाकण्याची सोय आपल्या ॲपमध्ये असेल, तर ती आधी चालू करा.

प्रश्न : आयफोनच्या ‘हेल्थ’मध्ये माझ्या ठोक्यांच्या नोंदी दिसतात, पण व्यायामाच्या दुसऱ्या ॲपमध्ये तो रकाना कोराच राहतो. त्या ॲपचे मदतनीस म्हणतात, ‘परवानगी नाकारल्याचे आम्हाला दिसत नाही.’ ही टोलवाटोलवी आहे का?

उत्तर : ते खरे बोलत आहेत. नोंद वाचण्याची परवानगी आपण नाकारली आहे की मुळात नोंदच नाही, हे आयफोन दुसऱ्या ॲपला मुद्दाम कळू देत नाही. नकार कळणे हीसुद्धा एक माहितीच आहे : रक्तातील साखरेच्या नोंदी कोणी आवर्जून लपवल्या, तर त्यावरूनही तर्क करता येतो. म्हणून ॲपला दोन्ही वेळा कोरी पाटीच दिसते. मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते, जरी मदतनिसांना तिचा ताप होत असला तरी. ‘हेल्थ’मध्ये वर आपल्या चित्रावर टिचकी मारून प्रायव्हसीखालील ‘ॲप्स’मध्ये जा, त्या ॲपचे नाव उघडा आणि हृदयगती वाचण्याचे बटण चालू करा. पासकोड असलेला फोन कुलूपबंद झाल्यावर १० मिनिटांनी ‘हेल्थ’च्या नोंदी इतर ॲप्सना वाचता येत नाहीत, त्यामुळे आकडे काही वेळा उशिरा उमटतील, तो दोष नव्हे.

प्रश्न : आईच्या दंडावरचा ग्लुकोज सेन्सर साखर उतरली की फोनवर इशारा देतो. परवा रात्री साखर उतरली, पण आवाज झालाच नाही. नोंद मात्र झालेली होती.

उत्तर : हा विषय आजच हाती घ्या. अशाच चुकलेल्या इशाऱ्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५मध्ये रुग्णांना सावध केले होते. सूचना दाखवण्याची परवानगी (अँड्रॉइड १३पासून ती ॲपला मागावी लागते), रात्रीचा ‘डू नॉट डिस्टर्ब’ किंवा ‘फोकस’, आणि फोनला जोडलेले ब्लूटूथ हेडफोन, ज्यांच्यामुळे आवाज भलतीकडे जातो, या तीन गोष्टी प्रथम तपासा. फोनचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा; नवी आवृत्ती सेन्सरच्या ॲपला चालते, असे कंपनीने सांगितल्यावरच ती घ्या आणि त्यानंतर इशाऱ्यांची सेटिंग्ज पुन्हा पाहा. सेन्सरबरोबर स्वतंत्र रिसीव्हर मिळत असेल, तर या सगळ्याचा उलगडा होईपर्यंत रात्री तोच आईंच्या उशाशी ठेवा आणि झालेला प्रकार त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.